पंप आहे, पण औषध छातीत जातंय का? इन्हेलर घ्यायची बरोबर पद्धत, साकीनाक्यातल्या एका काकींच्या निमित्ताने

लांजा / साकीनाका : गेल्या पावसाळ्यात आमच्या एका काकींची धाप वाढली म्हणून मुलाने त्यांना गावावरून मुंबईला नेलं. मुलगा साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत राहतो, जवळच्याच एका गाळ्यात वेल्डिंगचं काम करतो. काकींचं वय सदुसष्ट. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण उभा जन्म चुलीपुढे गेला. तपासणीत सीओपीडी निघाला. आपल्याकडे काही लोक ज्याला काळा दमा म्हणतात, तोच. कॅप्सूल घालून श्वासाने ओढायचं छोटं मशीन मिळालं. काकी ते सकाळ-संध्याकाळ न चुकता घेत होत्या.

तरी गुण येईना. रात्र उशाला दोन उशा लावून बसून काढायची. औषधाची पॉवर वाढवून झाली, कॅप्सूल बदलून झाली. दोनदा मध्यरात्री रिक्षा करून नेब्युलायझरची वाफ घ्यायला पळावं लागलं. मुलाचे खाडे पडले ते वेगळेच. "मुंबईची हवाच मानवत नाय, मला गावाक सोडा," असं काकींनी धरून ठेवलं.

तिसऱ्या महिन्यात एका दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "काकी, तुम्ही औषध घेता कसं, ते मला करून दाखवा बघू."

"घेतंय गो रोज दोन टायमाला," म्हणत काकींनी पिशवीतून मशीन काढलं, कॅप्सूल बसवली, फिरवली, तोंडाला लावली आणि त्यात जोरात फुंकर मारली. मग जरासा श्वास घेतला. सिस्टरनी मशीन उघडून दाखवलं. निम्मीअधिक पावडर आतल्या भिंतीला चिकटलेली होती.

"फुंकणीसारखाच नाय काय ह्यो परकार?" काकींनी विचारलं.

चाळीस-पन्नास वर्षं फुंकणीने चूल पेटवलेल्या बाईला तोंडाला नळी लावली की फुंकायचंच सुचणार. तिला उलटं ओढायचं असतं, हे तीन महिन्यांत कुणी दाखवलंच नव्हतं. खोक्यातल्या कागदावर चित्रं होती, पण कागद खोक्यासकट रद्दीत गेला होता. सिस्टरनी त्या दिवशी पाच मिनिटं घालवली. औषध तेच, डोस तोच, पद्धत तेवढी बदलली. दोन-तीन आठवड्यांत काकी रात्री आडव्या झोपायला लागल्या.

ही एकट्या काकींची चूक नाही

इन्हेलर चुकीचा घेणारे लोक कमी आहेत असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. १९७५ ते २०१४ या काळात जगभर झालेल्या १४४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५४ हजारांहून जास्त रुग्णांची पद्धत तपासलेली होती. पूर्णपणे बरोबर पद्धतीने औषध घेणारे निघाले फक्त ३१ टक्के. म्हणजे दहातले तीन. आणि चाळीस वर्षांत त्यात म्हणण्यासारखी सुधारणा झालेली नव्हती. मशीनं नवी आली, चुका जुन्याच राहिल्या.

त्याच आढाव्यात कुठली चूक किती, तेही आहे. दाबायच्या पंपात दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ न बसणं ४५ टक्के, श्वासाचा वेग किंवा खोली चुकणं ४४ टक्के, औषध घेतल्यावर श्वास रोखून न धरणं ४६ टक्के. पावडरच्या मशीनमध्ये आधी पूर्ण श्वास न सोडणं ४६ टक्के.

आपल्या देशात हा प्रश्न लहान नाही. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की सीओपीडी हा फक्त सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग नाही. चुलीचा धूर, शेण्या-लाकडाचं जळण, कामाच्या जागची धूळ आणि वाफा यांनीही तो होतो. आपल्या तालुक्यातली चूल आणि साकीनाक्यातला वेल्डिंगचा गाळा, दोन्ही या यादीत येतात. गावातून धूर घेऊन गेलेली छाती तिथे अंधेरी-कुर्ला रोडच्या गाड्यांचा धूर घेते. म्हणून हा विषय जितका मुंबईचा, तितकाच आपल्या वाडीचा.

गोळी सोडून पंप कशाला?

"गोळी द्या, पंप नको," हे प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. त्याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. सालब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध. त्याची एक गोळी ४ मिलीग्रॅमची येते. पंपाच्या एका पफमध्ये तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत ४० पफांएवढं औषध झालं. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगात फिरते आणि मग थोडीशी छातीत पोचते. त्यामुळे हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट जिथे पाहिजे तिथे जातं, म्हणून एवढंसं पुरतं आणि काही मिनिटांत गुण येतो.

पण अट एकच. ते छातीत पोचलं पाहिजे. पद्धत चांगली असली तरी साध्या पंपाच्या औषधातला बराच भाग तोंडात आणि घशातच बसतो. पद्धत चुकली की उरलेलं थोडंही जात नाही. गोळी कशीही गिळली तरी पोटात जाते. इन्हेलरचं तसं नाही, इथे अर्धं औषध डब्यात असतं आणि अर्धं घेण्याच्या पद्धतीत.

दाबायचा पंप बाजारात आला १९५६ साली, अमेरिकेत. तिथल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं होतं, की केसांना मारायचा स्प्रे मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही? तेव्हापासून आजपर्यंत मूळ युक्ती तीच आहे.

दोन मशीनं, दोन उलटे नियम

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

एक, दाबायचा पंप. यात औषध गॅसच्या दाबाने स्वतःहून बाहेर येतं. म्हणून श्वास सावकाश ओढायचा. मोगऱ्याचा वास घेताना ओढतो तसा, फक्त नाकाऐवजी तोंडाने. जोरात ओढला तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतं.

दुसरा, कॅप्सूलचं पावडर मशीन. यात गॅस नाही, दाब नाही. पावडर उडवायचं काम तुमच्या श्वासालाच करायचंय. म्हणून श्वास जोरात आणि खोल ओढायचा. शहाळ्याच्या तळाचं पाणी स्ट्रॉने ओढतो तसा. हळू ओढला तर पावडर जागची हलत नाही.

पंप हळू, पावडर जोरात. एवढं एक वाक्य पाठ झालं तरी निम्मं काम झालं. गावाला एक मशीन आणि मुंबईला दुसरं मशीन असं ज्यांचं होतं, त्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. मेडिकलमध्ये "तेच औषध आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरंच मशीन हातात आलं, तर ते कसं वापरायचं हे तिथेच विचारून घ्या. औषध तेच असलं तरी पद्धत बदललेली असते.

दाबायचा पंप कसा घ्यावा

१. ताठ बसा किंवा उभे राहा. टोपण काढा, आत काही कचरा नाही ना बघा.
२. पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल, तर आधी हवेत काही फवारे मारून टाका. किती, ते कागदावर दिलेलं असतं.
३. पंपापासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा.
४. पंपाचं तोंड दातांच्या मध्ये धरा, ओठ घट्ट मिटा, जीभ खाली.
५. तोंडाने सावकाश श्वास ओढायला सुरुवात करा आणि लगेच एकदा दाबा. ओढणं थांबवू नका, चार-पाच सेकंद चालू ठेवा.
६. पंप काढा, ओठ मिटा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. जमत नसेल तर जमेल तितका.
७. दुसरा पफ सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग घ्या. एका श्वासात दोनदा दाबू नका.

दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर घ्या. स्पेसर म्हणजे पंपापुढे लावायचा प्लास्टिकचा पोकळ डबा. औषध आधी त्यात जमतं, मग आपण ते ओढतो. वयस्कर माणसं, लहान मुलं आणि धाप लागलेली कुणीही व्यक्ती यांच्यासाठी हाच बरा. एकदा दाबा आणि लगेच सावकाश ओढून श्वास रोखा. तेही जमत नसेल तर स्पेसर तोंडातच ठेवून पाच-सहा साधे श्वास घ्या. साधारण तीन वर्षांपर्यंतच्या बाळांना मास्क लावलेला स्पेसर लागतो. मास्क नाका-तोंडावर नीट बसला पाहिजे. बाळ रडत असताना औषध फारसं आत जात नाही, म्हणून आधी शांत करा.

स्पेसर धुताना साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि आपोआप वाळू द्या. आतून फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

कॅप्सूलचं मशीन कसं घ्यावं

१. हात कोरडे करा. कॅप्सूल ऐनवेळीच पाकिटातून किंवा डबीतून काढा.
२. फिरवायच्या प्रकारात कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली ठेवून ती चौकोनी भोकात भोकाच्या कडेला येईपर्यंत दाबा आणि खालचा भाग फिरवा. कॅप्सूल आत उघडते. टोचायच्या प्रकारात कॅप्सूल खोबणीत ठेवून झाकण लावा आणि कागदावर दाखवल्याप्रमाणे टोचा.
३. मशीन तोंडापासून लांब धरून श्वास पूर्ण सोडा. मशीनमध्ये फुंकू नका. तोंडाची वाफ लागली की पावडर गोळा होते. काकींचं नेमकं हेच होत होतं.
४. ओठ घट्ट लावून जोरात, खोल श्वास ओढा. पहिल्यापासूनच जोर हवा.
५. मशीन काढा, दहा आकडे श्वास रोखा.
६. मशीन उघडून बघा. पावडर राहिली असेल तर तीच पुन्हा ओढा.
७. रिकामं टरफल टाकून द्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नाही. दिसायला ती खायच्या कॅप्सूलसारखीच असते, त्यामुळे ही चूक जगभर झालेली आहे.

औषधात स्टेरॉइड असेल, मग पंप असो की पावडर, प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंकून टाका. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. जेवणाआधी घेतलं तर चूळ भरायची आठवण राहते.

कोकणात आणि गाळ्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी

*ओल.* आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे पावडरचं काय होणार? कॅप्सूल मोरीजवळ, खिडकीत किंवा चुलीवरच्या फळीवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आठवड्याच्या कॅप्सूल आधीच फोडून ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

*आग.* पंपाचा डबा गॅसच्या दाबाचा असतो. संपलेला डबा चुलीत, बंबात किंवा कचऱ्याच्या होळीत टाकू नका, फुटतो. वेल्डिंगच्या गाळ्यात ठिणग्यांजवळ ठेवू नका.

*संपला कधी?* औषध संपल्यावरही पंपातून थोडा वेळ नुसता गॅस फस्सकन येत राहतो. माणसाला वाटतं, औषध आहे. पाण्यात तरंगवून बघायची जुनी पद्धत भरवशाची नाही. पंपावर आकडा दिसत असेल तर तो बघा. नसेल तर हिशेब करा. १२० पफांचा पंप, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घेतले, तर ३० दिवसांत संपला. सुरू केल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा.

*दोन पंपांची अदलाबदल.* एक पंप लगेच आराम देणारा, बहुतेक वेळा निळा. दुसरा रोज घ्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा. रोजच्या पंपाने लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात आणि निळ्यावरच दिवस काढतात. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे, की नुसत्या निळ्या पंपावर दमा चालवू नये. रंग कंपनीप्रमाणे बदलू शकतो, म्हणून डॉक्टरांकडूनच पंपावर "रोजचा" आणि "धापेचा" असं मराठीत लिहून घ्या.

शिकवायचं कसं?

हा भाग आशाताई, सिस्टर, मेडिकलवाले आणि घरातल्या शिकल्यासवरल्या पोरांसाठी.

"कळलं ना?" असं विचारू नका. आपल्याकडे डॉक्टरांसमोर कुणी "नाही कळलं" म्हणत नाही. मान डोलावली जाते आणि चूक घरी जाते. त्याऐवजी म्हणा, "मला करून दाखवा." काकींच्या बाबतीत तीन महिन्यांचं कोडं याच एका वाक्याने सुटलं.

क्रम असा ठेवा. आधी स्वतः करून दाखवा, रिकाम्या मशीनवर. मग रुग्णाला करायला सांगा आणि मध्ये न बोलता बघा. जी चूक दिसेल ती एकच आधी दुरुस्त करा. सात सूचना एकदम दिल्या तर सातही जातात. परत करून घ्या. दोन-तीन वेळा तरी करा. हाताला संधिवात असेल, डबा दाबत नसेल, तर दोन्ही हातांनी दाबून जमतं का बघा किंवा दुसरं मशीन मिळतं का ते डॉक्टरांना विचारा. जोरात ओढायची ताकदच नसेल तर पावडर मशीनचा हट्ट नको, पंप आणि स्पेसर बरा.

आणि एकदा शिकवून भागत नाही. बरोबर शिकलेली पद्धतही चार ते सहा आठवड्यांत पुन्हा बिघडायला लागते, असं अनुभवाला आलेलं आहे. म्हणून प्रत्येक फेरीला मशीन सोबत न्या आणि करून दाखवा. औषधाची पॉवर वाढवण्याआधी डॉक्टरांनी पद्धत बघावी, हे तर मार्गदर्शनातच आहे. त्यांनी नाही विचारलं तर आपण म्हणायचं, "डॉक्टर, मी घेतो ते बरोबर आहे का, जरा बघता?" यात लाजण्यासारखं काही नाही.

घरात कुणी इन्हेलर घेत असेल, तर मोबाइलवर एकदा व्हिडिओ काढा. साकीनाक्यातल्या मुलाने गावातल्या आईला व्हिडिओ कॉल करून "घेऊन दाखव" म्हटलं, तरी चूक लगेच कळते.

"पंपाची सवय लागते" हे खरं आहे का?

नाही. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी चष्मा टाकत नाही. दमा आणि सीओपीडी हे लांब चालणारे आजार आहेत, औषधही तसंच चालतं. पंप म्हणजे शेवटची पायरी, हाही गैरसमज. तो पहिल्या पायरीचा उपाय आहे. लग्नाच्या मुलीचा पंप लपवायचा, पाहुणे आले की औषध चुकवायचं, यातून आजार लपत नाही, वाढतो.

धाप वाढली तर

पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर दिसतात, निळा पंप घेऊनही आराम नाही किंवा माणूस पेंगायला लागला, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत माणसाला बसवून ठेवा, आडवं करू नका, आणि निळा पंप स्पेसरमधून एकेक पफ करून डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे देत राहा.

स्पेसर नसेल तर? अर्ध्या लिटरच्या स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा. बाटलीचं तोंड ओठात, पंप बुडाला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला दम्याच्या मुलांवर हा प्रयोग झाला आणि १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. पंप घट्ट बसवलेली अशी बाटली विकतच्या स्पेसरएवढीच कामाला आली होती. कायमचा उपाय म्हणून विकतचाच घ्या, पण वेळेला हे माहीत असलेलं बरं.

काकी दिवाळीनंतर गावी परतल्या. चूल अजून आहे, पण ती पाणी तापवण्यापुरती, पडवीबाहेर. मशीन फळीवरच्या स्टीलच्या डब्यात असतं. शेजारच्या एका आजींनाही तसंच मशीन मिळालंय. त्यांनी पहिल्यांदा तोंडाला लावलं तेव्हा काकी लगेच ओरडल्या, "फुंकू नको गो, वढ!"

गणपतीला चाकरमानी गावी येतील तेव्हा आपापल्या घरात एवढं करा. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांना म्हणा, "जरा घेऊन दाखवा." पाच मिनिटांचं काम आहे.

*(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध कुठलं, किती आणि किती दिवस, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. स्वतःहून बंद करू नये.)*